रोहेकर सरांची परिषद

आमच्या मजल्यावरच्या रोहेकर सरांची वर्षं आकड्यांनी मोजली जात नसत, गावांनी मोजली जात. "बायको गेली ती जुन्नरला," असं ते पहिल्या भेटीत म्हणाले. मी विचारलं, "जुन्नरला काय काम होतं त्यांचं?"

"ती इथेच गेली हो, पनवेलला. परिषद जुन्नरला होती."

परिषद म्हणजे प्राचीन जगाची परिषद. दर हिवाळ्यात नव्या गावी भरायची. मिसर, बाबिलोन, रोम यांच्यावर निबंध वाचायचे, जेवायचं, भांडायचं आणि पुढचं गाव ठरवून पांगायचं. इथल्या कॉलेजातून रिटायर झाल्यावर सरांनी या परिषदेचाच इतिहास लिहायला घेतला होता. मुलं इस्रायलला. "बाबा, या आता इकडे," म्हणून त्यांचे फोन यायचे. सर म्हणायचे, "परिषद होऊ दे, मग बघू."

मी तळोज्याला केमिकल कंपनीत. शिफ्टवरून आलो की सर जिन्यातच गाठून नवं प्रकरण ऐकवायचे. बहुतेक प्रकरणांत साताऱ्याच्या जोगळेकरबाईंशी झालेलं भांडण. मुद्दा एकच : बाबिलोनच्या राजवाड्याला लागलेलं सागवान कोकणातलं की मलबारचं? सर म्हणत कोकणातलं, बाई म्हणत मलबारचं. कोल्हापूरला बाईंनी त्यांना भर सभेत 'वखारवाले' म्हटलं होतं. हे सर फार अभिमानाने सांगायचे.

पुढे माणसं मरत गेली. इतिहासात नुसत्या श्रद्धांजल्या येऊ लागल्या. परिषदेला कुठलंच गाव बोलावेना, तेव्हा सरांनी ती पनवेलला बोलावली. शाळेचा हॉल घेतला, नेऱ्याहून आचारी आणला. आले ते मोजके म्हातारे, आणि खुर्च्या भरायला मी.

जोगळेकरबाई मात्र आल्या, पुतणीचा हात धरून. निबंध वाचायला उभ्या राहिल्या. पान संपलं, की पुन्हा तेच पान. तिसऱ्यांदा तेच सुरू झालं तेव्हा मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. पुतणीचे डोळे भरून आले.

सर ताडकन उठले. मला वाटलं, आता जुंपणार.

"अध्यक्षमहाराज, बाईंचं म्हणणं मला पटलं. सागवान मलबारचंच होतं." आणि एकटेच टाळ्या वाजवू लागले. मग आम्हीही वाजवल्या. बाई खूश होऊन बसल्या. जेवताना त्यांनी सरांना विचारलं, "आपण कुठले?"

परिषद पुन्हा भरली नाही. इतिहासही सरांनी अर्धवट सोडला. मुलांकडे काही ते गेले नाहीत. अधूनमधून एसटीने साताऱ्याला मात्र जाऊ लागले.

एकदा जिन्यात भेटले तेव्हा मी विचारलं, "बाई ओळखतात का आता?"

"ओळखतात की. वसंता म्हणतात मला."

"वसंता कोण?"

"धाकटा भाऊ त्यांचा. लहानपणी विहिरीत बुडाला."

"मग तुम्ही काय करता?"

"ओ देतो," सर म्हणाले, आणि पिशवी सावरत जिना उतरू लागले.