खवलेबाईंचा भ्रंश

एका जंगलात, बालमित्रांनो, विज्ञान होतं. दचकू नका. फार नव्हतं. दोघांकडेच होतं, आणि ती दोघंही कोणाच्या अध्यातमध्यात नसत.

एक होते पिंगळेसर. म्हणजे एक छोटंसं घुबड. ते आकाशातले क्ष-किरण मोजत. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. ते दूरच्या ताऱ्यांकडून येतात आणि वरच्या हवेतच अडतात. म्हणून सर आपलं यंत्र घारीच्या पायाला बांधून हवेच्या वर पाठवत. घार तिथे कशी उडते, असलं विचारायचं नाही. गोष्ट आहे ही.

दुसऱ्या खवलेबाई. त्या खवले मांजर होत्या. नावात मांजर असलं तरी मांजर नव्हे. मुंग्या खाऊन राहणारा, बीळ खणणारा गरीब प्राणी. बाई जमीन मोजत. सिंहमहाराजांच्या डोंगराच्या पोटात त्यांना एक लांबच लांब भेग सापडली होती. तिच्या दोन्ही बाजूंना बाईंनी खुंट्या ठोकल्या आणि वर्षानुवर्षं त्या बघत राहिल्या. डोंगराची एक बाजू दुसरीच्या अंगावर हळूहळू चढत होती.

एकदा महाराजांना विज्ञानाचा सत्कार करायची लहर आली. दोघांना दरबारात बोलावणं गेलं.

"हे क्ष-किरण म्हणजे काय हो?" महाराजांनी विचारलं.

"क्ष म्हणजे अज्ञात, महाराज," पिंगळेसर म्हणाले. "पहिल्यांदा सापडले तेव्हा ते कसले, हे कळेना. म्हणून..."

"क्ष म्हणजे क्षत्रियाचा क्ष," कोल्हा प्रधान मधेच म्हणाला. "थेट आपल्यासाठीच येतात, महाराज."

टाळ्या पडल्या. सरांनी चोच उघडली आणि मिटली. तेवढ्यात त्यांच्या अंगावर शाल पडली होती. शाल अंगावर असताना दुरुस्ती सुचवणं जड जातं, मुलांनो. मोठे झालात की कळेल.

मग खवलेबाई उठल्या. "महाराज, आपला डोंगर वाढतोय."

"वाढणारच. राज्य कुणाचं आहे?"

"पण त्याचं कारण खाली आहे. दोन खडक एकमेकांना रेटतायत. आत्ता अडकलेत. सुटतील तेव्हा मोठा हादरा बसेल. कड्याखाली साळिंदरांची वस्ती आहे, ती आधी हलवा. महाराज, आपल्या पायाखाली भ्रंश आहे."

आता, खडक असा तुटून सरकतो त्याला शास्त्रात भ्रंशच म्हणतात. पण महाराजांना दोनच भ्रंश ठाऊक होते. एक बुद्धिभ्रंश, दुसरा पदभ्रंश.

"यातला आमचा कुठला म्हणता, बाई?" त्यांनी फार शांतपणे विचारलं.

कुठलाही म्हटला तरी शिक्षा एकच होती. बाईंना त्यांच्याच बिळात कोंडून दारावर धोंडा लावण्यात आला. जन्मभर बिळं खणणाऱ्या प्राण्याला बिळात कोंडू नये, हे सांगणारं तिथं कोणी नव्हतं. बाई दुसऱ्या बाजूने खणत निघाल्या, त्या सरांच्या झाडाखाली वर आल्या.

"सर, तुमचं ऐकतात. एवढंच सांगा, की क्ष-किरणांना ती वस्ती मानवत नाही."

"पण बाई, किरण खाली पोचतच नाहीत. मी खोटं कसं सांगू?"

"शाल घेताना चालवून घेतलंत की."

सरांनी शाल काढली, झटकली आणि पुन्हा पांघरली. मग उडाले आणि दरबारात गेले.

पिंगळा बोलला म्हणजे भविष्यच, असं जंगलात सगळे मानत. प्रधानाने लगेच मुहूर्त काढला. साळिंदरं वाजतगाजत माळावर राहायला गेली. सगुणाबाई साळिंदरीण ओली बाळंतीण होती, तिची पिल्लं पाटीत घालून नेली.

आणि एके दिवशी भर दुपारी खडक सुटले. अख्खा कडा खाली आला, तो नेमका जुन्या वस्तीवर. तिथे कोणी नव्हतं. एका पिल्लाचा काटासुद्धा वाकला नाही. मला तर, खरं सांगतो, गोष्ट इथेच संपवावीशी वाटते.

पण राज्यकारभार थांबतो थोडाच? डोंगर हातभर उंच झाला, त्याचा उत्सव झाला. पिंगळेसर राजज्योतिषी झाले. आता त्यांच्या झाडाखाली पत्रिका दाखवायला रांग असते, घारीला वर पाठवायला सवड नसते. आणि खवलेबाईंना धरून आणून त्यांच्यावर खटला भरला.

"भ्रंश हा शब्द या राज्यात पहिल्यांदा कोणी उच्चारला?" प्रधानाने विचारलं.

"मी."

"आणि पुढे झालं काय?"

"भ्रंश," बाई म्हणाल्या. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं. शिकवता मात्र आलं होतं.

"झालं तर मग," प्रधान म्हणाला.

बाई हद्दपार झाल्या. जाताना वाट माळावरून होती. सगुणाबाईने त्यांना पाहिलं आणि पिल्लांना मागे लोटलं.

"बरी आहेत ना सगळी?" बाईंनी विचारलं.

"बरी आहेत. क्ष-किरणांची कृपा," सगुणाबाई म्हणाली. मग तिला राहवेना. जवळ येऊन ती अगदी मायेने म्हणाली, "पण बाई, एवढ्या शिकल्यासवरल्या तुम्ही. असं अभद्र बोलावं का? वास्तू तथास्तु म्हणत असते."

तात्पर्य : डोंगर बोलण्याने हलतात. म्हणून शहाण्याने आकाश मोजावं. पायाखालचं मोजावंच लागलं, तर मोजावं, पण उत्तर शुभ काढावं.