कोण आत, कोण बाहेर

ऑफिसात त्याला सगळे 'तज्ज्ञ' म्हणत. एकदा प्रिंटर बंद पडला असताना त्याने टेबलाखाली वाकून निसटलेला प्लग नीट बसवला होता, तेव्हापासून. (वाकायची तयारी बाकी कुणाचीच नव्हती, म्हणून हा मान त्याच्याकडे आला.)

तर हा तज्ज्ञ त्या दिवशी पुरवठादारांचा अहवाल घरच्या कॉम्प्युटरवर विसरून आला. आणि तो तर दुपारच्या मीटिंगमध्ये वरिष्ठांपुढे मांडायचा होता.

"घरी जाऊन पेन ड्राइव्हवर घेऊन या," साहेब म्हणाले.

साधा माणूस मुकाट्याने उठला असता. तज्ज्ञ नुसता हसला. "जायचं कशाला, सर? रिमोटने घरचा कॉम्प्युटर इथेच उघडतो. रविवारीच सोय करून ठेवलीय."

सोय केली होती, हे खरं. बायकोला सांगितलं नव्हतं, हेही खरं.

त्याने पासवर्ड टाकला आणि घरचा कॉम्प्युटर ऑफिसच्या स्क्रीनवर अवतरला. चारजण खुर्च्या सरकवून जवळ आले. तज्ज्ञाने ऐटीत फोल्डरवर क्लिक केलं, तोच स्क्रीन काळी पडली. खाली ओळ आली : दुसऱ्या कोणीतरी लॉगिन केल्यामुळे तुमचं कनेक्शन तुटलं आहे.

"दुसरं कोण?" साहेबांनी विचारलं.

"कोणी नाही, सर. बायको कामावर गेलीय. नेटचा लोचा असेल."

तो पुन्हा आत शिरला. पुन्हा बाहेर फेकला गेला. तिसऱ्यांदा शिरला, तर फोल्डरपर्यंतही पोचू दिलं नाही. एवढ्यात बायकोचा फोन.

"अहो, आपल्या कॉम्प्युटरमध्ये कोणीतरी घुसलंय! मी स्वयंपाकघराचा प्लॅन पुरा करतेय आणि मला सारखं बाहेर काढतंय!" बायको लोकांची घरं सजवून द्यायची कामं घेई.

"तू अजून घरीच आहेस?"

"मग? बाईंना आज प्लॅन दाखवला नाही तर काम दुसऱ्याला देतील त्या!"

"घाबरू नकोस. मलाही तोच छळतोय. हॅकर आहे हा!" तज्ज्ञाने आवाज खाली आणला. "त्याला दोन्हीकडून घेरू. तू तिकडून घुस, मी इकडून घुसतो."

"घुसले!"

"मला हाकललं!"

"मग तुम्ही घुसा!"

"घुसलो!"

"अहो, मला हाकललं! मेला भलताच चपळ आहे हो!"

(तो कॉम्प्युटर एका वेळी एकालाच आत घेतो. ती आत आली की हा बाहेर, हा आत गेला की ती बाहेर. सूचनांमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं होतं. पण तज्ज्ञाने सूचना वाचल्या तर तो तज्ज्ञ कसला?)

"आता तुम्ही बाजूला व्हा," बायको म्हणाली. "मीच बघते त्याच्याकडे."

तज्ज्ञ बाजूला झाला. पलीकडून खटाखट बटणं दाबल्याचा आवाज आला.

"झालं! पासवर्डच बदलून टाकला. आता येऊन दाखव म्हणावं! प्लॅन घेतलाय, मी निघाले. फोन बंद ठेवते हं, त्या बाईंना मध्ये वाजलेला चालत नाही."

"अगं, पण नवा पासवर्ड..."

फोन बंद.

तज्ज्ञाने जुना पासवर्ड टाकून पाहिला. चुकीचा. पुन्हा टाकला. चुकीचाच. आणि मग हळूहळू, उशिरा का होईना, त्याच्या डोक्यात प्रकाश पडला की हॅकरला पुरतं जेरीस आणण्यात आलं आहे आणि तो हॅकर आपण आहोत.

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "चला. माझ्या गाडीतून."

घरी हॉलमधल्या एकुलत्या एक मोकळ्या खुर्चीत तज्ज्ञ बसला. सोफ्यावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता, म्हणून साहेब उभेच राहिले. त्याने लग्नाची तारीख टाकली. नाही. सासूबाईंचं नाव टाकलं. नाही. मग स्क्रीनवर बायकोने पासवर्डसाठी ठेवलेली खूण उमटली : काम कमी, आवाज जास्त.

"वॉशिंग मशीन!" तज्ज्ञ ओरडला आणि कंपनीचं नाव टाकलं. नाही.

"मग हा मेहुणाच, सर. शंभर टक्के. आहेच तो तसा."

मेहुण्याचं नाव टाकलं. नाही. मेहुण्याचं घरातलं लाडाचं नाव टाकलं. तेही नाही. शेजारचे काका झाले, खालच्या मजल्यावरचा कुत्रा झाला. तज्ज्ञाने हताश होऊन मान खाली घातली.

साहेब मघापासून ती खूण पुन्हा पुन्हा वाचत होते. ते जरासे खाकरले.

"सरका बघू."

वाकून त्यांनी एका बोटाने काहीतरी टाईप केलं. पहिल्याच फटक्यात कॉम्प्युटर उघडला.

"वा सर! काय टाकलंत?"

"तुमचं नाव," अहवाल शोधता शोधता साहेब म्हणाले. "आडनाव टाकावं लागलं नाही. घराण्याचा मान ठेवलाय हो त्यांनी."