दंडातली बेटकुळी

आमच्या शेजारचे किसनमामा कुणालाही राम राम घालत नाहीत. समोरच्याचा दंड धरतात आणि म्हणतात, "बेटकुळी काढ बरं." माणूस तलाठी असो नाहीतर पाहुणा, मूठ आवळून हात वाकवल्याशिवाय सुटका नाही. मग दोन बोटांनी चाचपून निकाल, "कापूस हाय निस्ता."

मामा अंबडच्या तालमीत वाढले आणि एसटीत टायर बदलून रिटायर झाले. बेटकुळीचा अर्थ ते न विचारता सांगतात. "बेटकुळी म्हंजे बेडकी. हात वळवला की कातड्याखाली ती दबा धरून बसती. आता उडी मारन असं वाटलं पाह्यजे, तर तो दंड." मी शाळेत मराठी शिकवतो, आणि माझं यात काही वेगळं म्हणणं नाही.

त्यांच्या सुमनला बघायला टेंभुर्णीचा मुलगा आला होता, बँकेत नोकरीला. सुमन बाहेर यायच्या आत मामांनी त्याचा दंड धरला. पोरगं इतकं बावरलं की पोह्यांची बशी मांडीवर. आतून मामींचा आवाज आला, "अहो, जावई पाहून राह्यले का बैल?" सगळे हसले आणि लग्न जमलं. त्या घरात शेवटचा शब्द कायम मामींचा.

दिवाळीनंतर मामींना लकवा मारला. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. मामांनी गावाचे दंड धरणं सोडून दिलं. व्यायाम शिकवायला एक फिजिओथेरपीवाली मुलगी घरी येऊ लागली. ती म्हणाली, "मामा, हा बायसेप्स. म्हणजे दोन डोक्यांचा स्नायू."

"दोन डोक्याचा? मंग मांडूळच की," मामा गुरगुरले. पण तिनं सांगितलेला एकही व्यायाम त्यांनी चुकवला नाही. मामींचा हात धरून वाकवायचे, सरळ करायचे, आणि तोंडानं चालूच, "हं, काढा बरं बेटकुळी." हा हात परत आला पाहिजे, यापलीकडं त्यांना काही सुचत नव्हतं.

परवा सकाळी मामांनी मला हाक मारली. मामी पलंगावर बसलेल्या. "हात लावून पाह्य. आज हालली."

मी दंडाला बोटं लावली. मामींनी डोळे मिटून जोर लावला, कपाळावर घाम आला. बोटांखाली काहीच नव्हतं. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं.

"लागली की, मामी," मी म्हणालो. त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हसला.

मामा मला अंगणात घेऊन आले.

"मी रोज पाहून राह्यलो. काहीच लागत न्हाई, ठाव हाय मला." त्यांनी दाराकडं बोट केलं. "पण आत जा अन् परत एकदा म्हण. जरा मोठ्यानं."