जनकाच्या गालाचा सौदा

मोताळ्याच्या बैलबाजारात कोनालेही विचारा, इंद्रभान दलालासारखा भाव पाडनारा मानूस दुसरा नाही! बैल कितीही देखना असो, मी त्याच्याभवती एक चक्कर मारतो, "खूर पाहा, पाठ पाहा, हा कायचा चालते!" असं म्हनतो. मालकाचं तोंड उतरलं की भाव आपोआप उतरते. तीस वर्षांत हे औषध कधी फेल गेलं नाही!

म्हनून माह्या बायकोनं, जनकानं, जवा सांगितलं की पोराच्या लग्नाआधी तिले इंजेक्शन घेऊन गालाचे खड्डे भरायचे हायेत, तवा मी छाती ठोकून म्हनलं, "भाव माह्यावर सोड!"

तिचं दुखनं खरं होतं. "अश्वजितच्या साखरपुड्याचे फोटो पाह्यले काय तुम्ही? मी पोराची आई नाही, आजी दिसून राह्यली!" शिलाई मशीन चालवून जमवलेले वीस हजार तिनं डब्यातून काढले अन् आम्ही निघालो बुलडाण्याले.

डॉक्टर म्हनजे आमच्या शकूरभाई कापडवाल्याची नाजिश. आमच्या अंगनात लंगडी खेळलेली पोट्टी, आता चेहऱ्याची डॉक्टर! तिनं जनकाचा चेहरा उजेडाकडे फिरवून पाह्यला. "काकू, एक सिरिंज पुरेल. एक मिली. अठरा हजार."

मिली? मी दुधाच्या हिशोबानं मनात गुनाकार केला अन् घामच फुटला. "नाजिश, लिटरले एक कोटी ऐंशी लाख होतात हे!"

"काका, लिटरनं कोणी घेत नाही."

सवयीनं मी खांद्यावरचा रुमाल काढला. बाजारात रुमालाखाली बोटं दाबूनच भाव ठरते ना! जनकानं डोळे वटारले, तवा त्या रुमालानं घाम पुसला अन् तोंडानंच सुरू झालो.

"माल पाह्य ना, नाजिश! चेहरा जुना हाये. हा गाल बसलेला, तो गाल त्याहून बसलेला. डोळ्याखाली तर पानी साठन एवढा खड्डा! याले अठरा हजार कोन लावते?"

जनकाचं तोंड उतरलं. भाव काही उतरला नाही!

"बरं झालं सांगितलं, काका," नाजिश पुन्हा वाकून पाहत म्हणाली. "डोळ्यांखालीही भरायचं तर दोन सिरिंज लागतील. छत्तीस हजार."

छत्तीस! तीस वर्षांत पह्यल्यांदा माह्याच तोंडानं भाव दुप्पट झाला! मंग डोक्यात उजेड पडला. अरे बावा, इथं बैल विकत घ्यायचा नाही, इथं काम करून घ्यायचं हाये! खड्डा जेवढा मोठा, तेवढा खर्च. म्हनजे खड्डाच नाही असं म्हनलं पाह्यजे!

"थांब थांब! मी चष्मा नव्हता लावला!" चष्मा लावला. "डोळ्याखाली कुठं काय हाये? अवं, हे डोळे पाहून तर मी पह्यल्या भेटीतच हो म्हनलं! दुसरी पोरगी पाह्याले गेलोच नाही!"

नाजिश हसली. "बरं, डोळे सोडू. अठरा."

"अन् हे गाल! उन्हातान्हात निंदन केलं, पोरगं वाढवलं, तरी तेज पाह्य! ही हसली की लाइट गेली तरी घरात चालते आमच्या!"

"सोळा."

"अन् या हसन्याच्या रेघा? या मी पाडल्या! माह्या गोष्टी ऐकून ऐकून पडल्या. त्या माह्या हायेत, त्या भरूच नको!"

"चौदा, काका. याच्या खाली मला परवडत नाही."

"तेरा!"

"घ्या, तेरा!"

जिंकलो! फोन काढला अन् पैसे टाकूनच दिले. काउंटरवरच्या मयुरीनं सिरिंजचं सील फोडलं. अन् तेवढ्यात जनका खुर्चीतून उठली. डोळे भरून आले होते.

"मले नाही भरायचं."

"काऊन?"

"अठ्ठावीस वर्षांत तुम्ही एवढं बोलले नव्हते. आता मले कायची गरज हाये?" अन् पदर सावरत बाहेर गेली सुद्धा!

दुसरा कोनी नवरा असता तर हरखला असता. मी सिरिंजकडे पाह्यलं.

"सील तुटलं, काका," नाजिश म्हणाली. "आता परत होत नाही."

तेरा हजार पान्यात? एवढा पाडलेला भाव वाया? छे! मी बसलो खुर्चीत. "मंग मले भर!"

नाजिशनं लय समजावलं. बीपी पाह्यलं, शुगर विचारली, कागदावर सही घेतली, "काका, मजाक नाही हे" म्हनलं. मी ऐकतो काय! तिनं आधी सुन्न करन्याचं इंजेक्शन दिलं, मंग बाकीचं. अर्ध्या तासानं उठलो तवा नाकापासून हनुवटीपर्यंतचं तोंड माह्यं राह्यलंच नव्हतं. ओठ जागेवर हायेत का नाही, हे हात लावून पाहा लागे!

बाहेर आलो तं जनकाजवळ मयुरी बसलेली. बोलून राह्यली होती कौतुकानं, "काकू, काका म्हणजे वस्ताद हो! डोळ्यांचं बोलले, एका फटक्यात अठरा हजार कमी! गालांचं बोलले, दोन हजार! रेघांचं बोलले, अजून दोन!"

जनका उठून माह्यासमोर उभी राह्यली. मघाचं तेज पार गेलं होतं.

"खरं सांगा. मनापासून बोलले होते, का भाव पाडाले?"

शपथ घेऊन सांगतो, भाव पाडाले सुरू केलं होतं, पन बोलता बोलता सगळं खरं निंघालं होतं! तेच सांगाले तोंड उघडलं.

"म्फ... बुबु... फ्फ..."

लाळ गळली. म्हनलं, निदान प्रेमानं हसावं. तं अर्धा ओठ वर गेला अन् अर्धा तिथंच लटकला!

"वरून दात काढून राह्यले!" जनका फनफनत आत गेली. "नाजिश, हे घे अठरा हजार! अन् एक रुपया कमी करशील तं पाह्य!"

म्हनजे एकून एकतीस हजार! अठरात होनारं काम!

परतीच्या बसमध्ये खिडकीशी जनका, गाल सुजलेले. बाजूले मी, गाल सुजलेले. कंडक्टरनं दोघांकडे पाह्यलं अन् म्हनलं, "दोघांचीही दाढ दुखते काय?"

राजूर घाट उतरता उतरता ओठात जीव आला. पह्यलं वाक्य कोनतं बोलावं, हे तर मी मघापासूनच ठरवून ठेवलं होतं. घसा साफ केला, आवाज मऊ केला.

"जनका, खरंच सांगतो, तू लय सुंदर हायेस."

तिनं खिडकीतून मानही वळवली नाही.

"आता कायचा भाव पाडून राह्यले?"