नानांची रविवारची फेरी

नाना पुणतांबेकर कोणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात. वेळ बघायला नव्हे. सेकंदकाटा दमला आहे का, हे बघायला. तो एका जागी थरथरत असला, तर चपला काढायच्या आधी स्टूल मागतात. माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा नाना भेटायला आले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "वहिनी, टॉर्च कशी आहे?" आईने टॉर्चची तब्येत सांगितली. मग त्यांनी डोळ्याचं विचारलं.

फ्रीगंजमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये नाना तळमजल्यावर एकटे राहतात. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले, लग्न केलं नाही. पूर्वज दरबारी कारकून होते हे विचारलं तरच सांगतात. न विचारता सांगतात ते फक्त सेलबद्दल. तेही रिचार्जेबल सेलबद्दल.

महिन्यातून एका रविवारी त्यांची फेरी निघते. हातातल्या पिशवीत भैरवगढच्या छापील कापडाच्या तुकड्यांचे शिवलेले बटवे असतात आणि प्रत्येक बटव्यात चार्ज केलेल्या सेलची एक जोडी. आमच्या घरच्या बटव्यांवर कैऱ्या, वरच्या शर्माजींच्या बटव्यांवर पोपट. रिमोट, टॉर्च, घड्याळ, आईचं बीपीचं मशीन. सगळ्यांतले उतरलेले सेल काढायचे, भरलेले घालायचे, चहा घ्यायचा, पुढच्या दारी जायचं.

"सेल बाजारात मिळतो, जोडी मिळत नाही. जोडी बनवावी लागते," हे त्यांचं आवडतं वाक्य. एकत्र घेतलेले दोन सेल एकत्रच चार्ज करायचे, एकत्रच वापरायचे. दमलेल्या सेलच्या शेजारी ताजा सेल घातला, तर ताजा ओढून ओढून थकतो आणि शेवटी दोघंही बसतात. एकदा आमच्या रिमोटमधला एक सेल शर्माजींच्या टॉर्चमध्ये गेला. नानांनी दोन्ही घरांत चौकशी बसवली, मीटर लावून सेल ओळखले आणि आपापल्या जोडीदाराकडे पोचते केले. चार्जरमधून काढलेले सेलही ते लगेच वापरू देत नाहीत. "गरम आहेत. थोडा आराम करू द्या ना, भिया." भिया म्हणजे इकडच्या बोलीत भाऊ.

त्यांच्याबरोबर देवास गेटला खरेदीला जाणं हा वेगळाच अनुभव. दुकानदार सांगतो, "अंकल, चार हजार एमएएच वाला है, एकदम पावरफुल." नाना खिशातून स्वतःचा सेल काढतात. एका तळहातावर हा, दुसऱ्यावर तो. "हल्का है," ते शांतपणे म्हणतात. एवढ्याशा सेलमध्ये अडीच हजार मावले तरी खूप, वरचा आकडा फक्त छपाईचा असतो, असं ते दुकानदाराला समजावतात. तो आता नाना दिसले की चांगला माल खालच्या खणातून काढतो.

यंदा गणपतीच्या आधी माझी बायको माधुरी हिने हे सगळं ढवळून काढलं. तिच्या शाळेतल्या एका बाईंनी नव्या पद्धतीचे पांढरे सेल सांगितले होते. साधे रिचार्जेबल सेल नुसते पडून राहिले तरी महिन्याभरात बरेच उतरतात. हे पांढरे वर्षभर चार्ज धरून ठेवतात. माधुरीचा हेतू चांगला होता. नानांचे गुडघे दुखतात, दर महिन्याला एवढे जिने कशाला चढायचे? तिने सेल मागवले आणि बिल्डिंगभर सांगितलं. शर्माजी लगेच मागवायला तयार झाले. पांढरे सेल खरे निघाले तर फेरी बंद होणार, हे सगळ्यांना कळत होतं. नानांनाही.

ते एवढंच म्हणाले, "बोलण्यावर नको. कॅमेऱ्यावर बघू."

कॅमेरा त्यांचाच, जुना डिजिटल, दोन सेलवर चालणारा. घड्याळाला थेंब पुरतो, कॅमेऱ्याला घोट लागतो, म्हणून परीक्षा त्याच्यावर. गणेश चतुर्थीला सगळ्यांसमोर दोन्ही जोड्या पूर्ण चार्ज झाल्या, निवल्या, वेगवेगळ्या बटव्यांत गेल्या. बटवे आईच्या कपाटात, किल्ली शर्माजींकडे. दसऱ्याला उघडायचे.

मधल्या दिवसांत बिल्डिंगमध्ये दोन पक्ष पडले. जिन्यात, गच्चीवर, आरतीच्या रांगेत दुसरा विषय नव्हता. हरणाऱ्यांनी पोहे-जलेबी द्यायची असं ठरलं. शर्माजी किल्ली गळ्यात घालून फिरत होते आणि दोन्ही पक्षांना एकच सांगत होते, "हम तो न्यूट्रल हैं."

दसऱ्याला सकाळी आमचा हॉल भरला. काही मंडळी दारात, काही जिन्यावर. नानांनी आधी जुनी जोडी घातली. लेन्स बाहेर आली, फ्लॅश पडला, शर्माजींचा तोंड उघडलेला फोटो निघाला. दुसऱ्या फोटोला लेन्स अर्ध्यावर अडकली आणि पडद्यावर बॅटरीची लाल खूण आली. नानांनी थांबून पुन्हा प्रयत्न केला. काही नाही. माधुरीच्या पक्षाने टाळ्या वाजवल्या.

मग पांढरी जोडी. एक फ्लॅश, दुसरा, दहावा. आईचा फोटो झाला, देवघराचा झाला, सगळ्यांचे झाले, पंख्याचा झाला. जिन्यावरचे लोक मोठ्याने मोजत होते, त्यांचाही हिशेब चुकला. कॅमेरा थांबेना. नाना प्रत्येक फोटोला कोन बघत होते, मागचा उजेड बघत होते, जणू ही परीक्षा दुसऱ्याच कोणाची होती.

शेवटी त्यांनी कॅमेरा बंद केला. "पांढरे जिंकले. घ्यायचे तर हेच घ्या. मोठ्या आकड्याला भुलू नका, घाईच्या चार्जरमध्ये घालू नका, जोडी तोडू नका." मग स्वतःच आमच्या बीपीच्या मशीनमध्ये नवी पांढरी जोडी बसवली. मंडळी पोह्यांच्या तयारीला वर गेली, माधुरीही गेली. खोलीत आई, मी आणि नाना राहिलो.

नाना रिकामे बटवे घड्या घालून पिशवीत ठेवत होते. आईने विचारलं, हे पांढऱ्या सेलचं प्रकरण त्यांना आजच कळलं का.

"नाही वहिनी. कितीतरी वर्षं माहीत आहे. माझ्या घरी तेच आहेत, सगळीकडे."

मी विचारलं, "मग आमच्याकडे जुने का घालत होता, नाना?"

त्यांनी आणखी एका बटव्याची घडी केली.

"माझ्या घरी जायला मला निमित्त लागत नाही ना रे," ते म्हणाले.

आईने बीपीचं मशीन ओढून घेतलं, नखाने झाकण उघडलं, पांढरी जोडी काढून नानांच्या हातावर ठेवली.

"याच्यात आपले जुनेच घाला. आणि पुढच्या रविवारी बघायला या, चालतंय का ते."

नानांनी पिशवीतून कैऱ्यांचा एक भरलेला बटवा शोधला, सेल मशीनमध्ये बसवले, झाकण दाबलं. पण चुकीची माहिती सोडून देणं त्यांना जमेना.

"जुने महिनाभर तरी टिकतात, वहिनी."

"टिकू देत," आई म्हणाली. "तुम्ही रविवारी या."