कर्ता नसलेलं वाक्य

"जरा एक चक्कर मारून येते," एवढंच ती म्हणाली होती.

वाक्य साधं होतं. त्यात संकटाची चाहूल लागावी असं काही नव्हतं. पण सासूबाईंनी बॅगेत साडी ठेवता ठेवता मान वर केली.

"कुठे?"

"कुठे म्हणजे... अशीच. भुंगी सकाळपासून झोपली नाहीये. गाडीत डोळा लागतो तिचा."

"थांब, मी येते. मागे बसेन तिच्याजवळ."

"नको आई. मी एकटी जाते."

हे दुसरं वाक्य मात्र साधं नव्हतं. सासूबाईंच्या हातातली साडी घडीच्या मध्येच थांबली. भुंगीचा जन्म झाल्यापासून त्या या घरात होत्या, आणि तेव्हापासून घरात कर्ती बाई एकच होती. भुंगीला न्हाऊ घालायच्या त्या, ढेकर काढायच्या त्या, रात्री कोणता पाय पांघरुणाबाहेर राहिलेला चालतो हे ठरवायच्याही त्याच. भुंगीची आई तेवढ्या वेळात बाजूला उभी राहून टॉवेल धरायची. (टॉवेल मात्र ती उत्तम धरायची. त्याबद्दल कधी तक्रार आली नाही.)

उद्या सासूबाई परत निघणार होत्या. "जमेल ना तुला?" असं त्यांनी आठवडाभर वेगवेगळ्या शब्दांत विचारलं होतं आणि तिने "जमेल की" असं त्याच दोन शब्दांत सांगितलं होतं. रात्री छताकडे बघत ती स्वतःला तेच विचारायची, तेव्हा मात्र उत्तर येत नसे. म्हणून ही चक्कर. भुंगीला एकटीने झोपवून, झोपलेलीच घरी आणायची. एवढं जमलं की बाकीचंही जमेल, अशी तिने मनाशी खूणगाठ बांधली.

भुंगी हे अर्थातच पाळण्यातलं नाव नव्हे. जागी असली की ती अखंड गुणगुणायची आणि गुणगुणणं थांबलं की रडायची, म्हणून बापाने ठेवलेलं हे नाव.

तिसऱ्या वळणावर गुणगुण थांबली. आरशात बघितलं तर भुंगीची हनुवटी छातीवर टेकलेली. भुंगीच्या आईला आपल्या हातून काहीतरी थोर घडल्यासारखं वाटलं.

अडचण पुढेच होती. थांबलं की भुंगी उठायची. म्हणजे सिग्नल नको. सिग्नल नको म्हणजे उजवीकडे वळणं नको. दणका नको म्हणजे वेग नको. ए.सी. नको, कारण त्याने बाळाचं नाक चोंदतं असं तिने कुठेतरी वाचलं होतं. (तिने पुष्कळच वाचलं होतं. बाळाची पुस्तकं संपली तेव्हा तिने गाडीचं माहितीपुस्तकही वाचून काढलं. वाचायला काही उरलं नाही की तिला धास्ती वाटे.) अशा रीतीने, सर्व काळज्या घेत, दुसऱ्या गियरमध्ये गाडी रांगवत ती शहराबाहेर पडली, कालव्याचा पूल ओलांडला आणि पलीकडच्या चढाला लागली. समोर एक काटा लाल रेघेकडे सरकत होता. तिला तो दिसत होता. त्याचा अर्थही ठाऊक होता. पण काट्याचं ऐकायचं तर थांबावं लागलं असतं. काटा आणि भुंगी यांच्यात तिने भुंगीची बाजू घेतली.

चढ संपता संपता गाडीने घशात घरघर केली, बॉनेटखालून वाफेचा एक उसासा टाकला आणि गप्प झाली. तिने ती कशीबशी रस्त्याकडेच्या झाडाच्या सावलीत घेतली.

त्याच क्षणी कानात घण पडावा तसा आवाज आला. ठण्! ठण्! ठण्!

झाडापलीकडे पत्र्याच्या पेट्या करणाऱ्याची शेड होती. मांडी घालून बसलेला एक जाडजूड गृहस्थ पेटीच्या कोपऱ्यावर हातोडी हाणत होता. भुंगीची आई ओठांवर बोट ठेवून, चवड्यांवर पळत त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"दादा," ती कुजबुजली, "बाळ झोपलंय."

पेटीवाल्याची हातोडी हवेत थांबली. त्याने गाडीकडे पाहिलं, वाफेकडे पाहिलं आणि नकळत तोही कुजबुजला, "आणि गाडीला काय झालंय?"

"तापलीय. तुम्हाला गाडीतलं काही कळतं का?"

"मला पेटीतलं कळतं," तो गंभीरपणे म्हणाला. "पण ठोकून बघायचं असेल तर सांगा. ठोकायला मी कधी नाही म्हणत नाही."

तिने नको म्हटलं, आणि नवऱ्याला फोन लावला. तो ऑफिसात होता. मागे कुठलंसं मशीन घरघरत होतं, दोघेतिघे हसत होते.

"हॅलो? अगं, मोठ्याने बोल, ऐकू येत नाहीये."

"मोठ्याने नाही बोलता येत," ती फोनवर हाताचा आडोसा धरून कुजबुजली. "बंद पडली."

"काय? पडली?"

"हो ना."

मागचं हसणं ऐकू येईनासं झालं. "कुठे पडली?"

"चढावर. कालव्याच्या पुलाच्या पुढे."

"पण... पडली कशी?"

"मला काय माहीत! मी तर किती सांभाळून नेत होते. आधी घरघर लागली, मग एकदम गप्प झाली."

"गप्प? म्हणजे, काहीच नाही?"

"काहीच नाही. दोनदा प्रयत्न केला मी."

त्याचा आवाज एकदम बारीक झाला. तिला वाटलं, बिचारा आपल्यासाठी कुजबुजतोय. किती समजूतदार! "गरम लागतेय का हाताला?"

"गरम? चटका बसतोय."

"पाणी दे! पाणी दे आधी!"

"अरे, इतकी गरम असताना एकदम पाणी द्यायचं नसतं. वाचलंय मी."

"जवळ कुणी आहे का?"

"एक पेटीवाला आहे. तो म्हणतो, ठोकून बघू का."

"काय?"

"नको म्हटलं मी. त्याला यातलं काही कळत नाही."

"कुणाला हात लावू देऊ नकोस! मी येतोय. आईला घेऊन येतोय. तू फक्त, तू फक्त..."

गाडी बंद पडल्याचं एवढं मनाला लावून घेणारा नवरा मिळाल्याबद्दल तिला भरून आलं. आईला कशाला आणतोय, एवढंच तिला कळेना. पण विचारत बसलं तर आवाज वाढला असता. बेल वाजून भुंगी उठू नये म्हणून तिने फोन पार बंद करून टाकला.

आता सगळीकडे शांतता होती. हवी तशी, पुस्तकात लिहिलेली शांतता. बाळाच्या झोपेसाठी परिसर निःशब्द असावा, हे वाक्य तिने पेन्सिलने अधोरेखित केलं होतं. पेटीवाला हातोडी मांडीवर ठेवून मौनात बसला होता. झाडाचं पानही हलत नव्हतं.

आणि त्या शांततेत भुंगी उठली.

उठली म्हणजे अशी की तिने आधी डोळे उघडले, आजूबाजूला कान दिला, आणि जगात काहीच चालू नाहीये हे लक्षात येताच भोकाड पसरलं. तिला खांद्यावर घेतली, आडवी घेतली, पाजायला घेतली, झाडाखाली फेऱ्या मारल्या. भुंगीची आई जोजवत होती आणि मनात एकच गोष्ट घोळत होती: जमलं नाही. एक चक्कर, तीही नाही जमली. उद्या आई जातील आणि ही पोर असंच माझ्या तोंडाकडे बघत रडेल आणि मी टॉवेल घेऊन उभी राहीन. तिचेही डोळे वाहायला लागले. मायलेकी एका सुरात रडू लागल्या.

पेटीवाल्याने बराच वेळ सहन केलं.

"ताई," तो अखेर मोठ्याने म्हणाला, "आता उठलंच आहे बाळ, तर ठोकू का? माल संध्याकाळी न्यायला येणार आहेत."

"ठोका," ती म्हणाली. आता काय राहिलं होतं!

ठण्! ठण्! ठण्!

भुंगीचं रडणं अर्ध्यातच थांबलं. पेटीच्या दुसऱ्या कोपऱ्याला तिच्या पापण्या जड झाल्या. तिसऱ्या कोपऱ्याला ती आईच्या खांद्यावर लाळ गाळत गाढ झोपली. भुंगीच्या आईने श्वास रोखून तिला तिच्या सीटवर ठेवलं, पट्टा लावला, खिडक्या उघड्याच आहेत ना ते पाहिलं. भुंगी हलली नाही. ठण् ठण् चाललं होतं आणि ती जाड ओठ उघडे टाकून एखाद्या पोक्त माणसासारखी घोरत होती.

टॅक्सी आली ती याच वेळी.

टॅक्सी पुरती थांबायच्या आत नवरा उतरला. एका पायात बूट होता, दुसऱ्यात नुसता मोजा. मागून सासूबाई उतरल्या. त्यांच्या एका हातात गरम पाण्याचा थर्मास, दुसऱ्या हातात दुलई. भुंगीच्या आईने त्यांचा असा चेहरा आजवर पाहिला नव्हता. सगळं ठाऊक असलेल्या बाईचा तो चेहरा नव्हताच.

नवऱ्याला पहिल्यांदा दिसला तो हातोडी उगारलेला पेटीवाला.

"खाली ठेव!" तो ओरडला. "खाली ठेव ती हातोडी! हात लावू नकोस तिला!"

पेटीवाल्याने भांबावून हातोडी खाली ठेवली. ठण् ठण् थांबलं.

गाडीच्या मागच्या सीटवर भुंगीने डोळे उघडले, आजूबाजूला कान दिला, आणि फुप्फुसांत असेल नसेल तेवढा जोर लावून टाहो फोडला.

नवरा जागच्या जागी, भर रस्त्याच्या कडेला, मातीत बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकून तो रडत होता की हसत होता, हे कळायला मार्ग नव्हता. सासूबाईंनी थर्मास झाडाच्या बुंध्याशी ठेवला, दुलई लेकाच्या अंगावर टाकली, आणि गाडीला धरून उभ्या राहिल्या.

"काय झालं?" भुंगीच्या आईने घाबरून विचारलं. "अरे, काय झालं सांगशील का?"

"पडली म्हणालीस ना तू!" तो हुंदक्यातून ओरडला.

"बंद पडली म्हणाले!"

"कोण?"

"गाडी!"

"मग गाडी म्हण ना! गरम आहे, गप्प आहे, पाणी द्यायचं नाही, ठोकून बघू का... अगं, कोण? कोण ते नको सांगायला? शाळेत व्याकरण शिकवतेस ना तू? वाक्यात कर्ता लागतो हे मी सांगायचं का तुला?"

बाळंतपणाच्या रजेवर जाईपर्यंत ती सातवीच्या वर्गात फळ्यावर तीन चौकोन काढून हेच शिकवायची: कर्ता, कर्म, क्रियापद. 'कर्ता कुठे हरवला?' असं विचारून तिने किती पोरांना बाकावर उभं केलं होतं! आता तिला उभं राहायला बाक नव्हता, म्हणून ती रस्त्यातच उभी राहिली. आणि मग, फोनवरचं एकेक वाक्य त्याच्या कानाने पुन्हा ऐकल्यावर, तीही त्याच्या शेजारी मातीत बसली.

"भांडा नंतर," सासूबाईंनी डोळे पुसत म्हटलं. "आधी पोरीकडे बघा कुणीतरी."

पोर रडतच होती. सासूबाईंनी स्वतःच तिला उचललं, पाठीवर थोपटलं, त्यांच्या त्या हमखास लयीत थोपटलं. भुंगी थांबेना. सासूबाईंनी खांदा बदलला. भुंगीने आवाज चढवला. भुंगीच्या आईने हे पहिल्यांदाच पाहिलं, आणि तिला आनंद झाला. (आनंद व्हायला नको होता. पण झाला.)

ती उठली, मातीचे हात झटकले आणि म्हणाली, "दादा, ठोका."

"पुन्हा ओरडतील साहेब."

"नाही ओरडणार. ठोका तुम्ही."

ठण्! ठण्! ठण्!

सासूबाईंच्या खांद्यावर भुंगीची मान कलली. सासूबाईंनी आधी नातीकडे पाहिलं, मग पेटीकडे, मग सुनेकडे.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. कळलं."

"हं," सासूबाई म्हणाल्या. "उद्या जाते मग मी."

ही शाबासकी होती की त्यांनी हात टेकले होते, हे त्या सुरावरून कळलं नाही. पण झोपलेली भुंगी त्यांनी स्वतःहून तिच्या हातात दिली, आणि गाडीतला भुंगीचा टॉवेल मात्र स्वतःच्या खांद्यावर घेतला. तेवढं तिला पुरलं.

गाडीचं पुढे काही विशेष झालं नाही. तासाभराने ती निवली, पेटीवाल्याच्या बादलीतलं पाणी प्यायली आणि सुरू झाली. निघताना पेटीवाल्याने झाकणाचा एक लहान डबा खिडकीतून आत दिला.

"घ्या. याला आवाज बरा आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई बसमध्ये बसल्या. घरात ती आणि भुंगी दोघीच उरल्या. भुंगीने गुणगुणून पाहिलं, रडून पाहिलं. भुंगीच्या आईने शांतपणे डबा काढला, लाटणं काढलं आणि पाळण्याशेजारी बैठक मारली. भुंगी झोपली. भुंगीची आई थांबली. भुंगी उठली. भुंगीच्या आईने पुन्हा सुरू केलं. मग तिने थांबून बघण्याचा नाद सोडून दिला. मधे खालच्या मजल्यावरचे आजोबा दारात येऊन ओठांवर बोट ठेवून उभे राहिले. "सूनबाई," ते कुजबुजले, "आमची ही झोपलीय." तिने मान डोलावली आणि हात चालूच ठेवला.

फोन वाजला तेव्हा उजवा हात भरून आला होता. तिने डाव्या हाताने तो कानाशी धरला.

"अर्ध्या वाटेत आले," सासूबाई बसच्या घरघरीतून म्हणाल्या. "झोपली का?"

"भुंगी झोपली," ती म्हणाली. आता ती कर्त्याच्या बाबतीत फार काटेकोर झाली होती.

"एकटीने झोपवलीस?"

"मी एकटीने झोपवली."

"बरं झालं बाई. जीव भांड्यात पडला. पण मागे कसला गं हा आवाज?"

"मी वाजवतेय." पुन्हा कर्ता: ठळक, एकवचनी, प्रथमपुरुषी.

"काय वाजवतेयस?"

"डबा."

मग सासूबाईंनी मोठा सुस्कारा टाकला.

"कर्म माझं!"

वाक्य पूर्ण झालं होतं.