काकूंच्या तपकिरीचं बूच

आमचे गंगाखेडचे शेजारी किसनकाका बाटली विकत घेत नाहीत, बूच घेतात. बाटली बुचाखाली असते म्हणून घरी येते. दुकानदाराने बाटली पुढे केली की म्हणतात, "बाटली कुनीबी देतंय. बूच दाखव." मग डाव्या हाताच्या दोन बोटांनी ते ओढून बघतात. दुकानदार माझ्याकडे बघतो. मी रस्त्याकडे बघतो.

कारण साधं आहे. अर्धांगवायूने काकूंची उजवी बाजू गेली, तपकीर मात्र राहिली. घट्ट बूच एका हाताने निघत नाही, सैल बुचाने तपकीर सर्दावते. त्यामुळे दिवसभर हाक, "अवं, उघडा की!" काका हातातलं काम टाकून जात. एकदा काकूंना रडू आलं. "चिमूटभर तपकिरीसाठी बी मानूस लागतंय मला," म्हणाल्या. तेव्हापासून काका बुचांच्या मागे लागले.

रबरी बूच आणलं, तर तपकिरीला टायरचा वास. तपकिरीने कधी न शिंकणाऱ्या काकू कॉर्कच्या भुग्याने शिंकून बेजार झाल्या. फिरकीच्या झाकणाला दोन हात लागतात. काचेच्या बुचासाठी आम्ही दोघे रेल्वेने सेलूला गेलो. दिसायला देखणं, पण असं अडकलं की काकांनाही निघेना. "लय माजलंय हे," काका म्हणाले.

शेवटी राणीसावरगावच्या मेव्हण्याने दाणे काढलेलं मक्याचं कणीस दिलं. काकांनी त्याचा तुकडा कानशीने घासला, धोतराची मऊ चिंधी गुंडाळली. काकूंनी बाटली मांडीत दाबून धरली, ओढलं, निघालं! काका गल्लीभर सांगत फिरले.

आठवडाभरात मात्र ते गप्प झाले. ओट्यावर बसून मधूनच आत विचारत, "तपकीर घ्यायची का?"

"घेतली की मघाच."

परवा मी त्यांचा पेपर परत द्यायला आत गेलो. काकूंनी चिमूट ओढली, बूच लावलं आणि तळहाताने त्यावर दोन दणके घातले. बूच पार रुतलं.

"तुमी काय बघितलं न्हाई, भाऊ," मला म्हणाल्या. मग बाहेर हाक, "अवं, निघंना गेलंय हे!"

काका लगबगीने आत आले.

"म्हनलं होतं ना, मक्याचं काय खरं न्हाई," बूच उपटत ते म्हणाले. "थांब, उद्या परभणीला जाऊन बघतो."